तू नाही म्हणाली नव्हतीस

रुमली, कागदावर असं लिहिलंय की तुझ्या माणसांनी तुला स्वतःच्या जबाबदारीवर दवाखान्यातून नेलं. रक्त द्यायला नकार दिला. खाली अंगठा आहे.

माझा त्या कागदावर विश्वास नाही. तुला जाऊन सव्वा महिना होत आला. या दिवसांत मी एकेकाकडे संशयाने पाहिलं. तिथल्या सिस्टरकडे, तुझ्या नवऱ्याकडे, दित्याकडे, गावच्या बडव्याकडे, म्हणजे भगताकडे, आमच्या साहेबांकडे. त्या संशयाचा माग काढत मी कुठे जाऊन पोचले, ते तुला सांगायचंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कागदावर कशाला सिस्टर, तोंडाने सांग ना." पण तोंडाने सांगावं अशी तू एकटीच होतीस.

संशय माझ्यात नवा नाही. तुझ्यावरही मी पहिली दोन वर्षं संशयच घेतला. मी उपकेंद्राची नर्स, खाली लोणखेड्याहून रोज मोटरसायकलवर नवऱ्याच्या मागे बसून म्हसावदपर्यंत आणि तिथून जीपने वर येणारी. तू चार पाड्यांची आशा सेविका. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, बोलायला कमी आणि चालायला जास्त. तुझी वही फार नीट असायची. अमक्या पाड्यावर अमकी गरोदर, इतक्या तारखेला भेट दिली, गोळ्या दिल्या. मला वाटायचं, इतक्या लांबच्या पाड्यावर एक बाई महिन्यातून चार वेळा जाते? शक्यच नाही. घरी बसून लिहीत असेल.

म्हणून एकदा तुला न सांगता मी एकटीच वरच्या पाड्यावर तपासायला गेले. दोन तास चढून. घाम पुसत पहिल्या घराशी पोचले, तर आतली बाई मागच्या दाराने शेतात पळाली. दुसऱ्या घरातली चुलीपुढे पाठ करून बसली, वळलीच नाही. मी खूष झाले. म्हटलं, सापडली रुमली, इथे हिला कुणी ओळखतसुद्धा नाही. तेवढ्यात तू खालून आलीस, कडेवर कुणाचं तरी मूल, आणि ती पळालेली बाई तुझ्या आवाजानेच तुरीतून बाहेर आली. गोळ्यांचं पाकीट तिने स्वतः आणून दाखवलं. जितक्या संपायला हव्या तितक्याच संपल्या होत्या.

उतरताना मी विचारलं, "मला बघून का पळतात गं?"

तू म्हणालीस, "तुम्ही आल्या आल्या ओरडता."

"मी कुठे ओरडले?"

"ओरडत नाही. पण तुमचं बोलणं ओरडल्यासारखं असतं."

मला राग आला होता. आमच्याकडे खाली, अहिराणीत, सगळे असेच बोलतात, मोठ्याने, प्रेमानेसुद्धा. पण खाली मला कुणी घाबरून तुरीत लपत नाही, हेही खरं.

आपलं खरं भांडण सुरू झालं ते जमनापासून. तिचं तिसरं बाळंतपण होतं, अंगात रक्त नव्हतं, पाय सुजलेले. मी तिला म्हटलं, मोठ्या दवाखान्यात जायचं, आजच्या आज. ती पावरीत, तुमच्या बोलीत, काहीतरी बोलली. मी पुन्हा म्हटलं. ती पुन्हा तेच बोलली आणि मग खाली बघत बसली. मी रजिस्टरात लिहिलं, "समुपदेशन केले. नातेवाईकांचा नकार." तू माझ्या खांद्यावरून वाचलंस.

"नकार कुठे दिला तिने?"

"मग काय दिलं? येते का ती?"

"ती विचारत होती, माझी आई तिथे माझ्याजवळ राहू शकेल का. आणि दोन पोरं कुणाजवळ ठेवू. तिचा माणूस गुजरातला ऊस तोडायला गेलाय. तुम्ही उत्तरच दिलं नाही."

"मला कळलं नाही ती काय म्हणाली ते."

"मग तसं लिहा ना, मला कळलं नाही."

अशी ओळ रजिस्टरात नसते, रुमली. तिथे मोजके रकाने असतात. नकार, स्थलांतर, अंधश्रद्धा, उशीर. त्यांतलं काहीतरी लिहावंच लागतं, आणि कुठलंही लिहिलं तरी दोष समोरच्या माणसाकडेच जातो. हे मला आज दिसतंय. तेव्हा मी तुला म्हटलं होतं, "सरकारचं औषध सगळ्यांना सारखंच असतं. एकाच खोक्यातून येतं. खालच्यांना बरं वाटतं आणि वरच्यांना वाटत नाही, तर चूक कुणाची?" तू वही मिटलीस. मग म्हणालीस, "औषध एकच आहे. देणारा वरच्याला देताना वेगळा होतो." त्यावर मी तुला काय सुनावलं ते इथे लिहीत नाही. तुला आठवत असेल.

जमना तिच्या आईसोबत गेली. पोरं तू स्वतःच्या घरी ठेवलीस. बाळ-बाळंतीण घरी आल्यावर तू मला काहीच म्हणाली नाहीस, आणि त्या न बोलण्याने मी आठवडाभर धुमसत राहिले.

चांगले दिवसही पुष्कळ होते. त्या शेतातल्या खोपीतलं बाळंतपण आठवतं? पुलाच्या वर पाणी आलेलं, जीप पलीकडे अडकलेली, आणि ती पोरगी आढ्याला बांधलेला दोर धरून उकिडवी बसलेली. मी म्हणत होते, आडवी हो, आडवी हो. तू माझा हात धरलास. "ती बसली आहे तशी बसू दे. तू फक्त खाली बघ." चिडलीस की तू मला 'तू' म्हणायचीस. तुमच्या बोलीत सगळ्यांनाच तू असतं, आश्रमशाळेने तुला 'तुम्ही' शिकवलं होतं आणि रागात ते गळून पडायचं. मी गप्प बसले. बाळ माझ्या हातात आलं, लगेच रडलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकं शांत बाळंतपण मी दुसरं पाहिलं नाही. बाहेर येऊन तू हात धुतलेस आणि म्हणालीस, "सिस्टर, तुमचे हात चांगले आहेत. तोंड तेवढं बंद ठेवायचं." आपण दोघी पाऊस थांबेपर्यंत हसत होतो. दर उन्हाळ्यात तू आणलेला आमचूर अजून माझ्या डाळीत पडतो. या वर्षीचाही डबा अर्धा आहे.

तुझ्या दुखण्याबद्दल मात्र तू मला पाच वर्षं काही सांगितलं नाहीस.

थंडीत तू मिटिंगला यायची नाहीस. आलीस तर दाराशी उन्हात, गुडघे पोटाशी घेऊन बसायचीस. मी तुझ्या कामाच्या अहवालात लिहिलं, "हिवाळ्यात कामात टाळाटाळ." माझ्या अक्षरात आहे ते, अजूनही फायलीत असेल. मग एका डिसेंबरात तू माझ्यासमोर कळवळलीस. हात, पाय, पाठ, जणू कुणी हाडं पिळतंय. तेव्हा कनवटीच्या प्लास्टिकच्या पिशवीतून तू कार्ड काढलंस. सिकलसेल. या डोंगरात घरोघरी सापडणारा, रक्ताचा, आईबापाकडून आलेला आजार. ज्याच्या तपासणीचे कॅम्प मी स्वतः घेत होते.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे? टाळाटाळ का करते एवढंच विचारलं."

आणि मग हळूच म्हणालीस, "कळलं तर काम काढून घेतील, असं वाटलं."

म्हणजे तूही माझ्यावर संशय घेत होतीस. तो माझ्या संशयापेक्षा जास्त रास्त होता.

आता त्या दोन दिवसांचं सांगते.

माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, ब्राह्मणपुरीला. मी तीन दिवसांची रजा टाकली होती. माझ्या जागी दुसरी सिस्टर येणार असं ठरलं होतं. ती आली की नाही हे मी विचारलं नाही. हळदीच्या दिवशी दुपारी तुझा फोन आला. मांडवात डीजे. मी गोठ्याच्या बाजूला जाऊन कान दाबून ऐकलं.

"सिस्टर, मी मोठ्या दवाखान्यात आहे. छातीत दुखतं. श्वास घेता येत नाही. इथे म्हणतात मी नाटक करते."

"कार्ड दाखव."

"दाखवलं. बाजूला ठेव म्हणाले. तू बोल ना यांच्याशी."

तू मला 'तू' म्हणालीस, 'तुम्ही' नाही. ते मी ऐकलं होतं. मी म्हटलं, फोन दे सिस्टरला. तू कुणाला तरी "बाई, जरा बोला" म्हणत राहिलीस, पलीकडून कुणी फोन घेतला नाही. इकडे नणंद मागे येऊन उभी राहिली. "वहिनी, हळद लागी ऱ्हायनी अन् तू फोनवरच शे! चाल ना!" मी तुला म्हटलं, "थांब, डॉक्टर राउंडला येतील, मी संध्याकाळी बोलते."

संध्याकाळी मी फोन केला नाही. विसरले असं म्हणाले तर खोटं होईल. आठवलं होतं. वाटलं, दवाखान्यात आहे ना, मग ठीक आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या पाड्यावरून तू गेल्याचा निरोप आला.

पुढच्याच आठवड्यात मासिक मिटिंग होती. साहेबांनी तुझ्यासाठी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. सगळ्या आशा उभ्या राहिल्या, काही जणी रडत होत्या. बसल्यावर साहेब म्हणाले, "वाईट झालं. पण यातून शिका. गावाला समजावणारी आशा, तीच दवाखान्यातून निघून गेली. नवऱ्याने सही देऊन नेली. मग आपण लोकांना काय सांगायचं? शेवटी बडव्याकडेच गेले असतील." मागून कुणीतरी च्च केलं. मीही मान हलवली, रुमली. सवयीने हलली.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "त्या लोके असाच ऱ्हातस. कितलं बी सांगा, ऐकतस नहीत." हेच वाक्य मी त्याला इतकी वर्षं घरी येऊन ऐकवलंय, थोड्या सभ्य भाषेत. त्याच्या तोंडून ऐकलं आणि मी ताट बाजूला सारलं. तू ऐकत नव्हतीस? तू? जिने शंभर जणींना हाताला धरून त्याच दवाखान्याच्या पायऱ्या चढवल्या?

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. ओळखीने तुझा केसपेपर पाहायला मिळाला. "नातेवाईक रक्त देण्यास नकार. स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन जात आहेत." खाली अंगठा. पहिल्यांदा वाटलं तो तुझा. पण तू तर वळणदार सही करायचीस, 'र'च्या शेपटीसकट. मग कळलं, दित्याचा.

वॉर्डातल्या सिस्टरला गाठलं. माझ्याहून लहान, डोळ्यांखाली काळं. विचारलं, "रुमली नावाची पेशंट होती, सिकलसेलची, छातीत दुखत होतं. तुम्ही तिला नाटकी म्हणालात का?"

तिने खरोखर आठवण्याचा प्रयत्न केला. मग म्हणाली, "मॅडम, मला नाही आठवत. दोन वॉर्ड एकटीकडे आहेत. वरून येणाऱ्या सगळ्याच बायका अशा कण्हतात. कुणी पिऊन आलेली असते, कुणी घाबरलेली. कसं ओळखायचं?"

मला तिला दोन शब्द सुनावायचे होते. पण ते वाक्य मला ओळखीचं वाटलं. मीही कुणाला तरी अगदी असंच उत्तर दिलं असतं.

तिथून संशय दित्याकडे वळला. त्यानेच नेलं असेल, बडव्याच्या नादाने. मनात त्याच्यासाठी एक भाषण तयार करत मी तुझा डोंगर चढले. अंगणात पोचले तर बडवा तिथेच बसलेला, खाटेवर, हातात विडी. मला म्हणायचं होतं ते सगळं ओठावर आलं. मी विचारलं, "तुम्हीच बोलावलं ना तिला परत?"

म्हाताऱ्याने विडी विझवली. मग मोडक्या मराठीत म्हणाला, "मी बोलावलं नाही. मी पाठवलं. तिचे डोळे पिवळे झाले होते, श्वास असा वर वर चालत होता. मी म्हटलं, हे माझं नाही, हे खालचं आहे. जीपला हात मीच केला."

दित्या उंबऱ्यात बसला होता. मी त्याला बोल लावायच्या आधी, आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच, नुसतं विचारलं, "काय झालं तिथे?" आणि बसले.

तो फार हळू बोलला. मधे मधे पावरीत जायचा, थांबायचा, परत यायचा. पहिला दिवस तुला जमिनीवर गादी मिळाली. तू फोन केलास. इंजेक्शन दिल्यावर तुला गुंगी आली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला सांगितलं, हिला रक्त लागेल, नातेवाईक आणा. त्याने स्वतःचा हात पुढे केला. तपासून म्हणाले, तुझं चालणार नाही, दुसरा माणूस आण. दित्या म्हणाला, "आज नाही." त्याचे दोन्ही भाऊ गुजरातला उसावर होते. तुझी अवस्था बघून त्याने आदल्या रात्रीच त्यांना निरोप पाठवला होता, ते उद्या सकाळी पोचणार होते. त्याला म्हणायचं होतं, आज नाही, उद्या. त्यांनी ऐकलं, नाही.

"मग कागद दिला," तो म्हणाला. "अंगठा लाव म्हणाले. मला वाटलं रक्ताचा कागद. मी लावला. मग म्हणाले, घेऊन जा. मी विचारलं, रक्त? ते म्हणाले, तूच नाही म्हणालास ना."

मी त्याच्याकडे बघत होते. तो खोटं बोलतोय का, हे शोधत होते. ही माझी सवय जात नाही.

जीपमध्ये गार वाऱ्याने तुला जाग आली. कुठे चाललो, विचारलंस. त्याला मिळालेली कागदाची प्रत मागितलीस. सगळा वाचलास. दित्या सांगतो, तू त्याला रागावली नाहीस. कागदाची घडी घालून त्याच्या खिशात ठेवलीस आणि म्हणालीस, "सिस्टरला दाखव. सांग, मी नाही म्हणाले नाही."

"मग परत का नाही वळलात?" मी विचारलं. आवाज चढलाच.

"जीप भरलेली होती. ती म्हणाली, उपकेंद्र जवळ आहे. सिस्टर आहे तिथे. ती ऑक्सिजनची गाडी बोलावेल, फोन करेल, तिचं ते ऐकतात. आम्ही तिथे उतरलो." तो थांबला. "तुझं दार बंद होतं. कुलूप."

त्याने ते दोष देऊन सांगितलं नाही. पाऊस होता, दगड होता, तसं सांगितलं. ऊन उतरेपर्यंत तुम्ही माझ्या पायरीवर बसलात. त्याने माझा नंबर लावला. माझा फोन मांडवात पर्समध्ये होता. बदलीची सिस्टर आलीच नव्हती, तिला दुसऱ्या कॅम्पला पाठवलं होतं. मग कुणाच्या तरी मोटरसायकलवर तुला मधे बसवून वर नेलं. सकाळी भाऊ आले, उसाच्या शेतातून थेट, रक्त द्यायला. ते आले तेव्हा तू गेली होतीस.

तर माझा संशय इथे येऊन थांबला. इतका डोंगर चढून मी माझ्याच उपकेंद्राच्या पायरीवर पोचले.

उतरताना मला वाटत होतं, कुणीतरी एक दोषी सापडला असता तर किती बरं झालं असतं. ती सिस्टर दुष्ट नव्हती, दमलेली होती. साहेबांनी जे वाचलं ते सांगितलं. मी लग्नाला गेले, तो गुन्हा नाही. प्रत्येकाने थोडंथोडंच केलं. पण रुमली, खालच्या एखाद्या पाटलाच्या सुनेला छातीत दुखलं असतं, तर या सगळ्या थोड्याथोड्यातलं एकही झालं नसतं. तिला कुणी नाटकी म्हटलं नसतं. तिच्या नवऱ्याच्या "आज नाही"चा अर्थ कुणीतरी विचारला असता. तिचा फोन आला असता तर मी मांडव सोडून गेले असते. हे शेवटचं मी फार वेळ स्वतःपासून लपवून ठेवलं होतं.

मी अर्ज लिहिला. जे झालं ते सगळं, उपकेंद्र बंद होतं आणि मी फोन उचलला नाही यासकट. कागदावरचा नकाराचा शेरा चुकीचा आहे, तो दुरुस्त करावा अशी विनंती केली. साहेबांनी वाचून चष्मा काढला. म्हणाले, "सिस्टर, भावनेच्या भरात आहात. यात तुम्हीच अडकाल." मी अडकले. कारणे दाखवा नोटीस आली, मलाच. तुझा शेरा आहे तसाच आहे. तो बदलेल अशी मला आशा नाही, पण अर्जाची पोच माझ्याजवळ आहे आणि मी दर सोमवारी विचारायला जाते.

तुझी लेक जयू आश्रमशाळेतून घरी आली आहे. चौदाची. हाताची बोटं दुखतात म्हणते, थंडीत जास्त. मी दित्याला म्हटलं, हिचं रक्त तपासू. तो म्हणाला, "नाही."

पूर्वीची मी तिथून उठले असते. मी विचारलं, "नाही म्हणजे काय, दित्या?"

त्याने जयूकडे पाहिलं. मग म्हणाला, "एकटीचं नाही. सगळ्या पाड्याचं कर. नाहीतर म्हणतील, रुमलीचंच रक्त खराब होतं, म्हणून मेली. पोरीचं लग्न होणार नाही. आणि आधी मी बोलेन. तू बसायचं."

त्या रविवारी पाड्यावरच्या मोहाच्या झाडाखाली माणसं जमली. दित्या उभा राहिला. इतक्या माणसांसमोर तो कधी बोलला नसावा. तो पावरीत बोलत होता, मला अर्धंमुर्धं कळत होतं. तुझं नाव आलं. जीप आली, रक्त आलं, अंगठा आला. मग कुलूप आलं, आणि तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी खाली बघितलं नाही. मान हलवली, हो, खरं आहे. खोपीत तू सांगितलं होतंस तसं तोंड बंद ठेवणं त्या दिवशी मला फार जड गेलं.

जयूने पहिलं बोट पुढे केलं. मग दित्याचे भाऊ, जमना आणि तिची तिन्ही पोरं. अर्धी माणसं उठून गेली. जयूला तुझाच आजार निघाला. तिला गोळ्या सुरू झाल्यात, आणि मोठ्या दवाखान्यात तिच्यासोबत मी स्वतः गेले होते. वॉर्डात बसून राहिले, डॉक्टर कंटाळेपर्यंत. तिची बोटं आता कमी दुखतात. लिहायला लागली आहे परत.

पण मला शेवटी सांगायचंय ते एका म्हातारीबद्दल. दित्याच्या शेजारची, नाव मला तेव्हा माहीत नव्हतं. सगळे पांगल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली आणि विचारलं, "आम्ही खाली आलो तर तू असशील?"

पूर्वी मी म्हटलं असतं, हो हो, कधीही या. ते खोटं असतं. मी म्हटलं, "सोमवारी नसते, मिटिंग असते. मंगळवारी लसीकरणाला दुसऱ्या गावी. बाकी दिवस दहा ते चार असते. रजेवर गेले तर दारावर दुसरीचं नाव आणि नंबर लावून जाईन. दोघीही नसलो, तर दित्याला आधी कळवीन."

तिने ते दित्याकडून पुन्हा पावरीत सांगून घेतलं. एकेक वार बोटावर घेतला. मग तपासणीसाठी हात पुढे न करताच उठली. "विचार करते," म्हणाली.

"कर," मी म्हटलं. कुठेही काही लिहिलं नाही.

गेल्या गुरुवारी ती आली, रुमली. एवढा डोंगर उतरून, सोबत पोटुशी नातसून. आधी खिडकीच्या गजांतून आत डोकावून पाहिलं, मी खरंच आहे का. मग नातसुनेला बाहेरच उभी करून एकटी आत आली. खोली पाहिली, कपाट पाहिलं, माझं तोंड पाहिलं. बसा म्हटलं तरी बसली नाही. काय होतंय हे सांगण्याआधी ती मला बराच वेळ संशयाने न्याहाळत राहिली.

मी तिला न्याहाळू दिलं.